नवस फिटला

१९९७ सालचा माघ संपत आला होता. गिरीज गावातल्या आपल्या वाडीत जयवंत सकाळपासून केळीला पाणी सोडत होता. घराच्या ओट्यावर त्याची बायको मनोरमा शिवणाचं मशीन घेऊन बसली होती आणि थोरल्या लेकीच्या नव्या ब्लाउजचा गळा वर चढवत होती. एकदा चढवला, लेकीला घालायला लावला, मान तिरकी करून पाहिलं, उसवला, आणखी बोटभर चढवला.

"आई, हा गळा आहे की गळफास?" ज्ञानदा म्हणाली. "श्वास तरी घेऊ दे."

"श्वास नाकानं घेतात, गळ्यानं नाय. हलू नको, टाचनी लागंल."

धाकटी उन्नती दहावीचं पुस्तक मांडीवर उघडं टाकून बसली होती. ती फिदीफिदी हसली.

रविवारी ज्ञानदाला बघायला विरारहून माणसं यायची होती. पोरगी तेविशीतली, बी.कॉम. झालेली, नाकीडोळी नीटस. मग गळ्याची एवढी काळजी कशाला? तर ज्ञानदाच्या छातीवर, गळ्याच्या खळगीखालून सरळ वीतभर, एक वण होता. त्या वणानं तिला जगवलं होतं. आणि तिच्या आईला वाटत होतं की हाच वण पोरीचा संसार बुडवणार.

ज्ञानदा जन्मापासून निळसर होती. रडली की ओठ जांभळं खाल्ल्यासारखे व्हायचे. चालायला लागली तर पाच पावलं टाकून मध्येच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, आणि दम आला की पुन्हा उठायची. बायका म्हणायच्या, पोर आळशी आहे. शेजारची व्हेरोनिका मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिनं ते बसणं एकदाच पाहिलं आणि मनोरमाचं मनगट धरलं. "बाय, हे आळशीपन नाय. हिच्या काळजात दोष हाय. उद्याच्या उद्या चल." सहाव्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं. पोरीचे ओठ गुलाबी झाले तेव्हा जयवंत इस्पितळाच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला.

निघताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "आतलं छिद्र बुजवलंय, अरुंद वाट रुंद केलीय. पण 'बरी झाली, सुटलो' असं म्हणू नका. जिथं शिवलंय तिथं आत वण राहतो. हृदयाचा ठोका वाहत येतो तो कधीकधी त्या वणाशी वाट चुकतो. लहानपणी नाही, मोठेपणी चुकतो. वीस वर्षांनी, तीस वर्षांनीसुद्धा."

जयवंतनं डोकं खाजवलं. "म्हंजे पाटात ढेकूळ पडल्यावानी? पानी पुढं जायचं सोडून तिथंच गरगर फिरत राहतं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि ढेकूळ पडलंय का ते बघायला तुम्ही पाटावरून फेरी मारता ना? मग हिच्यासाठी वर्षातून एकदा माझ्याकडे फेरी. जन्मभर."

फेरी चुकली नाही हो. हे त्या आईबापाच्या बाजूनं सांगायलाच हवं. दर माघात ते पोरीला घेऊन मुंबईला जात, छातीला तारा लावून पट्टी निघे, सोनोग्राफी होई. चुकलं ते दुसरंच. पोरीला न्यूमोनिया झाला होता एवढंच त्यांनी गावाला सांगितलं होतं. पोरीच्या जातीला 'काळीज फाडलेली' असं नाव पडलं तर जन्मभर पुसलं जात नाही, हे मनोरमाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मग दरवर्षी मुंबईला कशाला जाता, असं एका जावेनं विचारलं. मनोरमा पटकन म्हणाली, "नवस हाय. माघी गनपतीला पोरीला पायावर घालीन म्हनून बोललेय."

"अगो, पन कवापर्यंत?"

आता बोललेल्या नवसाला मुदत तर हवी. मनोरमाच्या तोंडून निघून गेलं, "लगीन होईस्तोवर."

एवढेच दोन शब्द. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

१९९७ च्या त्या माघातल्या फेरीत डॉक्टरांचा चेहरा नेहमीसारखा नव्हता. झडप गळायला लागली होती, हृदयाचा उजवा कप्पा फुगत चालला होता. एक दिवसभर अंगावर बांधायच्या यंत्रात मधूनच चुकार ठोके सापडले होते. त्यांनी रोज घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली. "आता सहा महिन्यांनी यायचं. झडपेचं पुढं काय करायचं ते तेव्हा ठरवू. धडधड थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एक दिवससुद्धा वाट बघायची नाही. लग्न खुशाल करा. फक्त नवऱ्याला एकदा घेऊन या, आणि मूल होऊ देण्याआधी मला दाखवा."

शनिवारी व्हेरोनिका ड्यूटीवरून परत येताना मुद्दाम वाडीत शिरली. मनोरमा पोह्यांसाठी नारळ खवत होती.

"मनोरमा, उद्या सांगून टाक."

"काय सांगू? आमच्या पोरीत खोट हाय म्हनून सांगू?"

"खोट कसली ग? दुरुस्त केलंय ना!"

"तुझं ठीक हाय, व्हेरोनिकाबाय. दुरुस्त केलेलं भांडं बाजारात कोन घेतं? आधीची दोन स्थळं फिरली, ठाऊक हाय ना तुला? ह्यांनी खरं सांगितलं म्हनून फिरली. पहिल्यांनी तर चहाला तोंड नाय लावलं. आनि पाठीमागं उन्नती हाय. थोरलीची खोट धाकटीच्या कपाळी लागायची."

"आनि पोरीला चक्कर आली तर?"

"नाय येत. देव काय आंधळा हाय?"

व्हेरोनिका उठली. तिनं जयवंतकडे पाहिलं. जयवंत केळीच्या पानांचा भारा बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

रविवारी माणसं आली. विरार पूर्वेला फुलपाड्यात राहणारी, मूळची कोकणातली. मुलगा परेश अंधेरीला एका कंपनीत कारकून, शांत, जरा लाजरा. वडील लवकर गेलेले, आई कृष्णाबाई, आणि एक मामा. कृष्णाबाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी वाडी पाहिली, सोनचाफ्याचं फूल हुंगलं, ज्ञानदाला जवळ बसवून पाठीवरून हात फिरवला. "तब्येतीनं कशी आहे हो पोर?"

"ठणठणीत," मनोरमा म्हणाली.

"आमचा परेशही तसाच. कधी डोकं दुखत नाही."

दोन आया एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसणं लक्षात असू द्या.

वैशाखात लग्न झालं. हळदीला मनोरमानं दार लावून घेतलं आणि गळ्याखाली कोणाला हात लावू दिला नाही. नवस आहे म्हणाली. एकदा नवसाची सवय लागली की तो कुठंही उपयोगी पडतो. नवऱ्याला काय सांगायचं तेही तिनंच पढवलं: लहानपणी केळीच्या वाडीत पाय घसरला, पडले ती कोयत्यावर. परेशनं तो वण पाहिला तेव्हा ज्ञानदानं हे पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यानं त्यावरून हलकेच बोट फिरवलं. मग एवढंच म्हणाला, "खूप दुखलं असेल ना?" ज्ञानदाला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलं. पण आईनं गळ्याची शपथ घातली होती.

फुलपाड्याचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. तिसरा मजला. गिरीजच्या घरात तिच्या तपासण्यांची फाईल भाताच्या कणगीत लपली होती. इथं मुठीएवढी वस्तू लपवायलाही जागा नव्हती, कारण कृष्णाबाई डाळीचे डबेसुद्धा रोज पुसून ठेवणाऱ्या. गोळ्यांची पट्टी ज्ञानदानं साडीच्या घडीत ठेवली. दोन महिन्यांनी इस्त्रीला कपडे काढताना ती कृष्णाबाईंच्या हाती लागली.

त्या ओरडल्या नाहीत. पलंगावर बसल्या आणि त्यांचे डोळे भरले. "ज्ञानदा, अगं पाळणा लांबवायचा होता तर मला सांगायचंस. गोळ्या खाऊन शरीराची माती करून घेतात का? आम्हाला काय नातवंड नको आहे?"

बघा दैवाचा खेळ. सासूला वाटलं, सून मूल होऊ नये म्हणून गोळ्या खाते. आणि ज्ञानदाला वाटलं, बरं झालं, असंच वाटू दे. तिनं "चुकलं, आई" म्हटलं आणि सासूच्या देखत गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. पुन्हा आणल्या नाहीत. सहा महिन्यांची फेरीही गेली. माघ आला तेव्हा मात्र तिनं धीर केला. "आई, माझा नवस असतो माघात. मुंबईला जाऊन यावं लागतं."

"कुठला गं नवस?"

"लहानपणचा. आईनं बोललेला."

कृष्णाबाईंनी सरळ गिरीजला फोन लावला. त्या देवाधर्माच्या, त्यांना रीत चुकायला नको होती. पलीकडे मनोरमाची तीच जाऊ पाहुणी आली होती, तिनंच फोन उचलला. "अहो, तो नवस लगीन होईस्तोवरचा! मनोरमानं माझ्यादेखत सांगितलंय."

कृष्णाबाईंनी समाधानानं फोन ठेवला. "नवस फिटला तुझा. फिटलेला नवस पुन्हा करू नये, देवाला हिशेब लागत नाही. आता तुझे नवस ते आमच्या घरचे. नवरात्रात तुला जीवदानीला पायी घेऊन जाईन म्हणून मी बोलले आहे."

रात्रंदिवस खोटं बोलायला लागलं तरी चालेल, पण माझी पोर सुखात राहू दे, असं म्हणणाऱ्या आईला तिच्या खोट्यानं असं गाठलं. मनोरमाला जावेनं हे हसत हसत सांगितलं तेव्हा तिच्या चुलीवरचं दूध उतू गेलं. पण आता खरं सांगायचं तर आधीचं सगळं खोटं ठरणार. ती गप्प बसली. जयवंत एकदा म्हणाला, "पाटावर फेरी नाय मारली आपन औंदा." मनोरमा म्हणाली, "जरा दम धरा. तिचे पाय घट्ट रोवू द्या तिथं."

जीवदानीचा डोंगर फुलपाड्याच्या डोक्यावरच. नवरात्रात पहाटेपासून पायऱ्यांवर बायकांची रीघ. कृष्णाबाई पुढे, ओटीचं ताट घेऊन ज्ञानदा मागे. अर्धा डोंगर चढेपर्यंत तिला नेहमीसारखाच दम लागला होता. मग एकाएकी छातीत काहीतरी सुटलं. ठोके मोजता येईनात, नुसती धडधड, गळ्यापर्यंत. कान बंद झाले, पायऱ्या पाण्यासारख्या हलायला लागल्या. ताट हातातून पडलं. ती झुलायला लागली, मान मागे गेली, डोळे फिरले.

"अंगात आलं!" कोणीतरी बाई ओरडली. "आई आली, आई आली हिच्या अंगात!"

बघता बघता बायका गोळा झाल्या. कोणी तिच्या कपाळावर मळवट भरला, कोणी पाया पडली, एकीनं आजारी पोर तिच्यासमोर धरून विचारलं, "आई, हा कधी बरा होईल?" मिनिटभरात ठोके आपोआप ताळ्यावर आले. ज्ञानदा पायरीवर बसली होती, घामानं भिजलेली, कपाळभर कुंकू. तिला पक्कं ठाऊक होतं की हे काय आहे. डॉक्टरांचे शब्द तिला पाठ होते. पण सासूचा चेहरा अभिमानानं फुलला होता, आणि देवीचं उत्तर हृदयाच्या उत्तरापेक्षा किती सोपं होतं! तिनं कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. घरी आल्यावर शेजारणी तिच्या पाया पडायला आल्या.

त्यानंतर आणखी दोनदा अंधारी आली. परेशला ते बरं दिसेना. "देवीबिवी ठीक आहे, पण तू पांढरी पडतेस," म्हणून तो आईसोबत तिला नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, "आधी काही मोठा आजार? ऑपरेशन?" सासू एका बाजूला, नवरा एका बाजूला. ज्ञानदा म्हणाली, "नाही." डॉक्टरनं साडीवरूनच नळी लावली, अशक्तपणा आहे म्हणाला, लोहाच्या गोळ्या दिल्या.

दिवाळीला ती गिरीजला आली. उन्नती तिला बिलगली आणि दचकून मागे झाली. "ताई, तुझं हृदय किती उड्या मारतंय!" व्हेरोनिकाला बोलावलं. तिनं नाडी धरली, घड्याळ पाहिलं, आणि ती मनोरमावर अशी ओरडली की वाडीत पाणी देणारा जयवंत धावत आला.

"हिला आजच्या आज ने! नायतर मी त्यांना फोन करते, मग तुझी लाज राहो की जावो!"

मनोरमा रडायला लागली. "नेते ग बाय, नेते. कोनाला फोन करू नको. दिवाळीचा सण सरू दे. मग सोमवारी मी स्वतः जाते विरारला, आजीची तब्येत बरी नाय म्हनून घेऊन येते आनि परस्पर मुंबईला जातो."

"अजून खोटंच?"

"हे शेवटचं."

"आई, मीच सांगते परेशना," ज्ञानदा हळूच म्हणाली. "ते चांगले आहेत. मला वाटतं, ते रागावणार नाहीत."

"पुरुषाची जात चांगली असते ती खोट कळेपर्यंत. सोमवारपर्यंत कळ काढ, माझी बाय. चारच दिवस."

व्हेरोनिकानंही शेवटी मान हलवली. चार दिवस म्हणजे काय मोठे, असं तिलाही क्षणभर वाटलं. पुढे जन्मभर ती त्या क्षणाला बोल लावत राहिली.

शनिवारी सकाळी फुलपाड्यात पाण्याचा टँकर आला. नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. कृष्णाबाई खाली रांगेत होत्या, परेश कामावर गेला होता. ज्ञानदानं दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं कळशी खाली ठेवली आणि ती उकिडवी बसली. गुडघे पोटाशी घेऊन, लहानपणी बसायची तशी. वरून उतरणाऱ्या शेजारणीनं विचारलं, "दमलीस का गं?" ज्ञानदा हसली. शेजारीण एक जिना उतरली असेल नसेल, तोच वरून कळशी पायऱ्यांवरून गडगडत खाली आली आणि मागोमाग पाणी.

इस्पितळात डॉक्टरांनी अर्धा तास शर्थ केली. तिचा ब्लाउज कापताना त्यांना वण दिसला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "हिचं हार्टचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

"ऑपरेशन नाही हो," कृष्णाबाई म्हणाल्या. "लहानपणी कोयता लागला होता तिला."

डॉक्टरांनी मान हलवली. "बाई, कोयता इतका सरळ लागत नाही. तुम्हाला कोणीच काही सांगितलं नाही?"

ज्ञानदा गेली तेव्हा तिला पंचविसावं लागायला तीन महिने होते. सोमवार उजाडला तेव्हा तिची राख थंड झाली होती.

तेरावा झाल्यावर परेश एकटाच गिरीजला आला. ज्ञानदाच्या चार साड्या एका पिशवीत होत्या. तो ओट्यावर बसला. मनोरमा त्याच्यासमोर येईना, म्हणून तोच आत गेला.

"मामी, मला फक्त खरं सांगा."

मनोरमानं कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल काढली. भाताचे दाणे झटकले. परेशनं एकेक पान उलटलं. दर माघाची तारीख होती, सोळा वर्षांची. शेवटच्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: सहा महिन्यांनी यावे. पतीस सोबत आणावे.

त्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"मी आलो असतो," तो म्हणाला. "मामी, मी तिला उचलून घेऊन आलो असतो हो."

"तुम्ही सोडून दिलं असतं तिला. सगळे सोडतात."

परेशनं खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून अर्धी रिकामी गोळ्यांची पट्टी काढून मनोरमाच्या पुढ्यात ठेवली. "मला फिट येतात. बाराव्या वर्षापासून. गोळी चुकवली नाही तर येत नाहीत. आईनं शपथ घातली होती की बायकोला सांगायचं नाही. पट्टी ऑफिसच्या खणात असायची, रविवारपुरती पाकिटात. दीड वर्ष दर रविवारी मी मोरीत जाऊन गोळी खाल्ली, नळ सोडून, तिला आवाज येऊ नये म्हणून." त्यानं फाईल मिटली. "मला वाटायचं, एवढी चांगली मुलगी, हिला कळलं तर सोडून जाईल."

एका खोलीत दोघं राहिली. एकमेकांवर जीव होता. दोघांच्याही गोळ्या होत्या आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होती. त्याला गोळी लपून खाता आली म्हणून तो जगला. तिला ती लपवायला जागा सापडली नाही.

मनोरमानं भिंतीवर डोकं आपटलं. कोणी तिला धरलं नाही. जयवंत दारात उभा होता आणि म्हणत होता, "मला समजलं हुतं ग. डाक्टर बोलले तेव्हाच मला समजलं हुतं. पाट माझा, आनि मीच फेरी नाय मारली."

परेश ती फाईल घेऊन मुंबईच्या डॉक्टरांना भेटून आला. त्यांनी तिची पानं पुन्हा चाळली. मग म्हणाले, "खात्री कोण देणार? पण गोळी चालू असती, वेळेत झडपेचं बघितलं असतं, तर तिला पुष्कळ वर्षं मिळाली असती असं मला वाटतं. मी तिची वाट बघत होतो."

दिवस कोणासाठी थांबत नाहीत. २००२ साल उजाडलं, उन्नती लग्नाची झाली. पापडी गावाकडची माणसं तिला बघायला आली. तोच ओटा, तेच पोहे. जयवंतच्या भावानं आदल्या दिवशी घरात सगळ्यांना बजावलं होतं: थोरलीचा विषय निघाला तर ताप डोक्यात गेला म्हणायचं. नाहीतर हिच्याही रक्तात तेच आहे म्हणून बोभाटा होईल.

मुलाच्या काकांनी चहाचा कप उचलला आणि विचारलंच. "थोरली मुलगी कशानं वारली हो तुमची?"

जयवंतचा भाऊ खाकरला. "ताप..."

"तापानं नाय," मनोरमा दारातून म्हणाली. पदर खांद्यावर घेऊन ती पुढे आली, पुरुषांच्या बैठकीत, पहिल्यांदाच. "माझी पोर आमच्या खोटं बोलन्यानं मेली. तिच्या काळजाचं ऑपरेशन झालं हुतं. दरवर्षी दाखवायला पायजे हुतं. आम्ही लग्नासाठी लपवलं, आनि लपवलं म्हनून तिला डाक्टरकडं नेता आलं नाय. खोट तिच्या काळजात नव्हती. ती आमच्यात हुती."

मनोरमा बोलत राहिली. "उन्नतीचं पन सांगते. तिची तपासनी करून घेतलीय, तिचं काळीज नीट हाय. कागद दाखवते. पन तुमच्या मुलाचं काय असंल ते आत्ता सांगा. असलं तरी आमची ना नाय. लपवलंत तर मात्र नाय."

काकांनी कप बशीत ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "कळवतो," ते म्हणाले, आणि माणसं उठली. त्यांचं कळवणं कधी आलं नाही.

दीर तणतणत निघून गेला. जयवंत खाली मान घालून बसला होता. उन्नतीनं कप गोळा केले. आईच्या जवळ येऊन ती म्हणाली, "बरं केलंस. ताई असती तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या." आणि मग दोघी मायलेकी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोटभर रडल्या.

त्या वर्षीपासून माघ आला की मनोरमा आणि निवृत्त झालेली व्हेरोनिका गिरीजपासून शेजारच्या होळी गावापर्यंत घरोघर हिंडतात. कोणाच्या पोराचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, कोण त्यानंतर कधी परत गेलंच नाही, हे विचारतात. पुष्कळ घरांत दार लावून घेतात. "आमच्यात असलं काही नाय," म्हणतात. मनोरमा ओट्यावर बसून राहते. तिला ठाऊक आहे की असं म्हणणाऱ्या घरात कणगीत काय लपलेलं असतं.

यंदा होळी गावातल्या एका घरातून तिला स्वप्नाली मिळाली. अकरा वर्षांची, चुणचुणीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तिच्या आईनं तीन दिवस नाही नाही म्हटलं, चौथ्या दिवशी पोरीचा हात मनोरमाच्या हातात दिला आणि रडत म्हणाली, "पन कोनी विचारलं तर नवसाला चाललो म्हना हां, मावशी."

एसटीच्या थांब्यावर तीच जुनी जाऊ भेटली. "अगो मनोरमा, ही कोनाची पोर घेऊन कुठं निघालीस? नवसाला?"

मनोरमानं स्वप्नालीकडे पाहिलं. ऊन कडक होतं, पोरीला घाम आला होता. मनोरमानं तिच्या गळ्याचं वरचं बटण काढलं, मग त्याखालचं. वण उन्हात दिसला.

"डाक्टरकडं," ती मोठ्यानं म्हणाली, थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हिचं काळीज दाखवायला."

"अग बाय! आनि किती वर्षं न्यायचं असं?"

"जन्मभर," मनोरमा म्हणाली. "हा नवस फिटत नसतो."